रेघ सपाट, म्हणून डोकं तल्लख?

बडोद्यातल्या आमच्या नात्यागोत्याच्या ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. बाजूने फोटो काढा, कानाच्या भोकापासून डोळ्याच्या खालच्या कडेपर्यंत रेघ ओढा. सपाट आली तर बुद्धी तल्लख. कपाळाचा कोन 90 च्या आसपास असेल तर घराणं अस्सल. आणि शेवटी ठसका: जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय! दांडिया बाजारातल्या आमच्या मामांनी तर स्वतःचाच फोटो रेघ ओढून टाकला. खाली अंगठ्यांची रांग.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. ही रेघ माझ्या रोजच्या कामातली, म्हणून गप्प बसवेना.

रेघ खरी आहे. तिला फ्रँकफर्ट लाइन म्हणतात. पण जर्मनांनी तिच्यातून काही सिद्ध केलं नाही, 1884 साली फ्रँकफर्टला बसून ती फक्त ठरवली. कवटी टेबलावर ठेवली की एकाकडे पुढे कलायची, दुसऱ्याकडे मागे, मग मापं जुळणार कशी? तेव्हा कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका पातळीत धरायची, असं ठरलं. गवंडी पाणसळ लावतो, तसंच. पाणसळीवरून घरमालकाची अक्कल कळत नाही.

‘सपाट आली तर’ हे तर फारच गमतीचं. दातांना तारा लावायच्या आधी मुलांचा सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचा बाजूने एक्स-रे, काढतात. दोन्ही कानांत प्लास्टिकच्या खुंट्या बसवायच्या, नाकाच्या मुळाशी टेकू द्यायचा, आणि हनुवटीला बोट लावून ती रेघ जमिनीला समांतर आणायची. सगळ्यांचीच सपाट येते, कारण मी आणतो. हनुवटी जरा खाली गेली की कलते. तेवढ्यात बुद्धी गेली म्हणायची?

शिवाय रेघ एकच नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकाकडे जाणारी दुसरी आहे, आणि खोबणीच्या खालच्या कडेवरून जाणारीशी तिचा सुमारे 7 अंशांचा फरक पडतो. डोक्याच्या मागच्या हाडासाठी टाउन्स व्ह्यू नावाचा एक्स-रे काढताना कोपऱ्याच्या रेघेवर डोकं लावलं तर एक्स-रेची ट्यूब 30 अंश कलवायची, खालच्या रेघेवर लावलं तर 37. फिल्म तीच येते. दोन्ही रेघा एकदम सपाट येऊच शकत नाहीत. मग बुद्धी कुठल्या रेघेत मोजायची?

कपाळाचा कोन जर्मन नाहीच, तो पेट्रुस कॅम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाचा. तो 1789 मध्ये वारला, लेखन 1791 मध्ये छापून आलं. चित्रकारांना निरनिराळ्या चेहऱ्यांची ठेवण नीट काढता यावी, हा त्यातला एक हेतू होता. वंशांची उतरंड त्यावर नंतरच्यांनी रचली. आता हा कोन कपाळापासून वरच्या जबड्यापर्यंतची रेघ आणि कानापासून नाकाच्या तळाकडे जाणारी आडवी रेघ यांच्यातला, म्हणजे तो जबड्यावरही अवलंबून असतो. सगळे दात गेले की ते हाड झिजून मागे सरतं आणि कोन वाढतो. म्हणजे कवळी लागली की घराणं अस्सल! कॅम्परचं नाव आज टिकून आहे तेही कवळीच्याच कामात: नाकपुडीच्या कडेपासून कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्यापर्यंतच्या ‘कॅम्पर लाइन’ला समांतर धरून डेंटिस्ट मेणाची कड बसवतात.

आणि जर्मनीचाच दाखला हवा असेल, तर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे घ्या. 1930 च्या सुमारास बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजला. तो वंशानुसार बदलतो असं काही दिसलं नाही, आणि वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या गुरूसमोर त्यांनी ते तसंच मांडलं. आपल्या ग्रुपवर मात्र आपलेच लोक उलटं पाठवताहेत.

राहता राहिला मामांचा फोटो. मोठा करून पाहिला. रेघ कानाच्या भोकापासून नाही, भिकबाळीपासून निघालीय. भोकापासून ओढली तर पुढे चांगलीच वर चढते. मामा वर बघताहेत. मोबाईल मामींनी उंच धरला असावा.