साठ मॅचचा सीझन आणि जॉश गिब्सन : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, प्रतिक्रिया सणसणीत आहे, आवडली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या बेसबॉल आकडेवाल्यांच्या मेळाव्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ही रिकामटेकड्या पेन्शनरांची टोळी आहे, खेळ बघायचा सोडून बेरजा करत बसते, असल्याच लोकांनी बेसबॉल बोअर करून टाकला, आणि काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधल्या जॉश गिब्सनला बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये गोऱ्यांच्या लीगमधल्या टाय कॉबच्या वर बसवणं हे शुद्ध राजकारण, कारण साठ-साठ मॅचचे सीझन १५४ मॅचवाल्यांच्या शेजारी लावायचे नसतात. वर "क्रिकेटच्या देशातून जाऊन हे कसलं कौतुक" हा टोला. ठीक आहे, घेऊया एकेक.

पेन्शनर आहेत, मान्य. लायब्ररीच्या हॉलमध्ये पांढरी डोकीच जास्त होती आणि कॉफी तर अगदीच पांचट. पण खेळ बघत नाहीत हे कुठून काढलंत? माझ्या शेजारच्या आजोबांकडे स्वतः पेन्सिलने भरलेली स्कोअरबुकं होती, प्रत्येक बॅटरसाठी एक छोटा चौकोन, त्यात ६-४-३ लिहिलं की समजायचं शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरने) बॉल उचलला, सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला, दोघं आउट. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन आउट) के, आणि बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर के उलटा काढायचा. मॅचभर एक बॉल चुकवला तरी हे पान भरता येत नाही हो. आपण स्टेडियममध्ये अर्धा वेळ मोबाईलवर असतो, खरं सांगा. आणि ही पद्धत रुजवण्यात मोठा हात हेन्री चॅडविकचा, तो मूळचा इंग्लंडचा, क्रिकेटचा बातमीदार, तेव्हा क्रिकेटच्या देशातून येऊन बेसबॉलचं कौतुक करणारा मी काही पहिला नाही.

आता बेरजा. या लोकांची मूळ संस्था सेबर, सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च, १९७१ मध्ये कूपर्सटाउनला १६ जणांनी काढली, बॉब डेव्हिड्सच्या पुढाकाराने. क्लीव्हलँडची शाखा तिथला जुना खेळाडू जॅक ग्रेनीच्या नावाने आहे, १९१४ मध्ये बेब रूथने मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, पिचर (आपला बॉलर) म्हणून पहिला बॉल टाकला तो याच्यासमोर. तर बेरजा कशाच्या करतात ते ऐका, कारण तुमच्या गिब्सनवाल्या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे.

१९१० ला बॅटिंगच्या किताबाला, म्हणजे सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेजला, चाल्मर्स कंपनीची मोटार बक्षीस होती. कॉब पुढे होता, अ‍ॅव्हरेज जपायला शेवटच्या मॅच खेळलाच नाही. क्लीव्हलँडच्या नॅप लाजवेला शेवटच्या दिवशी सेंट लुईसमध्ये दोन मॅच होत्या, आणि तिथल्या मॅनेजरने कॉबवरच्या रागापोटी आपल्या थर्ड बेसमनला इतकं मागे उभं केलं की लाजवे नुसता बॉलला बॅट टेकवून पळत सुटला, आठ हिट (बॉल मारून बेस गाठणं), बहुतेक सगळे असे टेकवलेले, म्हणजे बंटच. बोंबाबोंब झाली, मॅनेजरची नोकरी गेली, किताब कॉबला दिला आणि मोटारी दोघांनाही. सत्तर वर्षांनी जुने कागद तपासताना सापडलं की कॉबची एक मॅच दोनदा मोजली गेली होती, ती काढली की लाजवे पुढे! १९८१ मध्ये ते छापून आलं, लीगच्या कमिशनरने किताब बदलायला साफ नकार दिला. कॉबचे ४१९१ हिट लोकांना पाठ होते, तपासल्यावर निघाले ४१८९. म्हणजे पीट रोझने १९८५ च्या ११ सप्टेंबरला सिनसिनाटीत ४१९२ वा हिट मारला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, तेव्हा खरा विक्रम तीन दिवस आधीच शिकागोत मोडून झाला होता आणि लीगच्या हिशोबात तो धरलाच नव्हता. दुसरीकडे हॅक विल्सनचे १९३० चे १९० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन), त्यात एक कमी मोजला होता, १९९९ मध्ये १९१ झाले. म्हणजे कॉबसारख्या देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाचे आकडे कमी करायलाही यांचा हात थरथरत नाही.

मग गिब्सन. २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ च्या निग्रो लीग्जना, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या त्या लीग्जना, मेजर दर्जा दिला, २०२४ मध्ये आकडे एकत्र केले, अ‍ॅव्हरेज गिब्सन .३७२ (म्हणजे हजारात ३७२ वेळा हिट), कॉब .३६७. तुम्ही म्हणता खिरापत वाटली. खिरापतच वाटायची असती तर हॉल ऑफ फेममधल्या (बेसबॉलच्या थोरांच्या संग्रहालयातल्या) त्याच्या पाटीवर "जवळजवळ ८०० होमरन" लिहिलंय तेच उचललं असतं की! नाही उचललं. गावोगावच्या प्रदर्शनी मॅच बाजूला काढल्या, फक्त लीगच्या मॅच धरल्या, त्यातही ज्यांचा स्कोअर जुन्या पेपरात सापडला त्याच, आणि होमरन पावणेदोनशेच्याही आत आले. यातलं बरंचसं काम कुणी पगारी माणसांनी नाही केलं, अशाच हौशी लोकांनी वर्षानुवर्षं मायक्रोफिल्मवर डोळे फोडून केलंय. आणि सीझन साठ मॅचचे का, तर लीगकडे पैसा कमी आणि पोट भरायला गावोगाव फिरणं भाग, कारण गोऱ्यांच्या लीगचं दार बंद. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी गेला, ते दार उघडणारा काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन एप्रिलमध्ये मैदानात उतरला. बरं, साठ मॅचचा सीझन चालत नसेल तर २०२० चं काय? कोविडमुळे मेजर लीगनेच साठ मॅच खेळवल्या, डॉजर्स टीमने ट्रॉफी नेली, ह्वान सोटोच्या .३५१ ला बॅटिंगचा किताब मिळाला, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.

बोअर केल्याबद्दल मात्र तुमच्याशी अर्धा सहमत आहे. होमरन, स्ट्राइकआउट नाहीतर वॉक (खराब बॉलवर फुकट मिळालेला बेस), मधे काहीच नाही, सगळे फील्डर एका बाजूला, हे मलाही बघवत नव्हतं. पण ते टीमच्या ऑफिसातल्या पगारी अ‍ॅनालिटिक्सवाल्यांनी केलं, त्यांना मॅच जिंकायची असते, आपली करमणूक हा त्यांचा विषयच नाही. २०२३ मध्ये लीगने या शिफ्टवर, म्हणजे फील्डर एका बाजूला गोळा करण्यावर, बंदी घातली, पिच क्लॉक (ठराविक सेकंदांत बॉल टाकायला लावणारं घड्याळ) आणलं, तीन तासांची मॅच दोन तास चाळीस मिनिटांवर आली. लायब्ररीतल्या आजोबांवर त्याचं खापर कशाला?

आणि क्रिकेटचा देश म्हणालात म्हणून विचारतो, भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ चं आपण काय केलं? १९४८, पुणं, ब्रॅडमनचे ४५२ नऊ रनवर, आणि काठियावाडच्या कॅप्टनने मॅचच सोडून दिली. माणूस एकही टेस्ट खेळला नाही. त्या मॅचच्या स्कोअरशीटवर तासभर भांडणारी मंडळी पुण्यात जमणार असतील तर कळवा, मी सुट्टी त्या हिशोबाने काढतो.

एक राहिलं. गिब्सनचा .३७२ हा काही दगडावर कोरलेला नाही, २०२४ मध्ये आकडे एकत्र केले तेव्हा त्या लीग्जचे साधारण तीन-चतुर्थांशच स्कोअर हाती लागले होते, बाकीचे शोधणं चालू होतं. उद्या एखाद्या पेपरात त्याच्या चार वाईट मॅच सापडल्या तर आकडा खाली येईल आणि हीच मंडळी तो आणतील. तेव्हा या परत बोंब मारायला, कमेंट बॉक्स उघडाच आहे.