तुमच्या तीन फ्रेम्सबद्दल

नमस्कार. वर्षानुवर्षं कॉम्प्युटरमध्ये पडून असलेले स्वतःचे तीन फोटो अखेर आमच्याकडून 20 बाय 30 इंचाचे छापून फ्रेम करून घेतले, आणि दोन महिन्यांत एकाला लाटा आल्या, दुसरा खिळ्यासकट खाली येऊन काच फुटली, तिसरा पहिल्या दिवसापासून काळपट आणि धूसर दिसतोय, असं तुम्ही लिहिलंय. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

लाटा ही सरळ आमची चूक आहे. कागद दमट हवेत वाढतो, कोरड्या हवेत आकसतो. तो चारी कडांनी जखडला तर एखाद्या मिलिमीटरच्या वाढीलाही जागा उरत नाही आणि तो मधे उठतो. तुमच्या फोटोला मागून चारी बाजूंनी चिकटपट्टी लागली आहे. पट्टी फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी हवी होती. बाकीचा कागद मोकळा लोंबू द्यायचा आणि माउंटने, म्हणजे मधे खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्याने, समोरून नुसता टेकवून धरायचा. त्यासाठी माउंटची खिडकी फोटोपेक्षा प्रत्येक बाजूला 4-5 मिलिमीटर लहान कापतात. ती पट्टी कृपया घरी ओढून काढू नका, कागदाचा थर तिच्यासोबत सोलून येतो. माउंट काढून फोटो थेट काचेला भिडवला तर तो सपाट राहील का, असंही तुम्ही विचारलंय. तसं अजिबात करू नका. काच आणि फोटो यांच्यात माउंटच्या जाडीइतकी, म्हणजे दीडेक मिलिमीटर तरी हवा लागतेच. ती नसली तर दमट दिवसांत फोटोचा पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि मग तो धड सुटत नाही.

पडलेल्या फ्रेमचा जो फोटो तुम्ही पाठवलात, त्यात खिळ्यासोबत गिलाव्याचा तुकडा आलेला दिसतो. खिळा विटेपर्यंत पोहोचलाच नव्हता. माउंट धरून ही फ्रेम 91 बाय 66 सेंटीमीटरची होते. नुसती 2 मिलिमीटरची काचच 3 किलो भरते, पाठीचा बोर्ड आणि चौकटीची पट्टी धरून सगळं मिळून 6 किलोच्या आसपास. एवढं वजन एका खिळ्यावर द्यायचं नाही, हे फ्रेम हातात देतानाच सांगायला हवं होतं. शिवाय मागची तार ताणून सपाट बांधली होती. तारेचा आडव्या रेषेशी कोन 30 अंश असेल तर प्रत्येक बाजूला फ्रेमच्या वजनाइतकाच ओढा येतो. 15 अंशांवर तो जवळपास दुप्पट होतो आणि तार ज्यांना बांधतात त्या मागच्या रिंगांचे स्क्रू सैल होऊ लागतात. म्हणून या आकाराला आमचं मत तार नकोच असं आहे. दोन्ही बाजूंच्या रिंगा थेट दोन स्क्रूंवर अडकवा. फ्रेम तिरकीही होत नाही.

विटेच्या भिंतीत 6 मिलिमीटरच्या बिटने साधारण 55 मिलिमीटर खोल भोक पाडा आणि आतली धूळ फुंकून काढा, कारण धुळीत प्लग, म्हणजे स्क्रू घट्ट धरणारी भोकातली नळी, फिरतो. प्लग गिलाव्याच्या पुढे विटेत ढकला, 60 मिलिमीटरचा स्क्रू पिळा आणि डोकं 8 मिलिमीटर बाहेर ठेवा. उंचीचं गणित असं: चित्राचा मध्य जमिनीपासून 145 सेंटीमीटरवर, त्यात फ्रेमची निम्मी उंची 33 मिळवा आणि वरच्या कडेपासून रिंगेपर्यंतचं अंतर वजा करा. ते 20 असेल तर स्क्रू 158 वर. दोन्ही खुणा लेव्हलने जुळवा, छतापासून मोजून नाही. छत क्वचितच सरळ असतं. खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे मागे हवा खेळते आणि भिंतीची ओल पाठीला लागत नाही.

तिसऱ्या फोटोची फाइल मेसेजवरून आलेली, 1600 बाय 1067 पिक्सेलची आहे. 30 इंचावर ती इंचाला जेमतेम 53 पिक्सेल देते, त्यामुळे चेहरे धूसर येणारच. छापण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते राहिलं. कॅमेऱ्यातली मूळ फाइल 6000 बाय 4000 ची असेल तर इंचाला 200 पिक्सेल मिळतात, आणि भिंतीवर पाहायला तेवढे भरपूर होतात. काळपटपणाचं कारण निराळं. स्क्रीन स्वतः उजळते, कागदाला मात्र खोलीतल्या उजेडावरच भागवावं लागतं. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पाहा. तिथे काळा वाटला तर कागदावरही काळाच येईल. मधल्या छटा थोड्या उजळून, चेहऱ्याच्या भागाची एक पट्टी खऱ्या मापात आधी छापून दाखवू. ती तुमच्या भिंतीजवळ धरून पसंत करा, मगच पूर्ण फोटो छापू.

तिन्ही फ्रेम्स आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन या. पट्टी सोडवणं, नवं माउंट, फुटलेली काच आणि तिसऱ्या फोटोची नवी छपाई यांचे पैसे लागणार नाहीत. दोन फ्रेम्स आधी तयार होतील. तिसरीला वेळ लागेल, कारण ताजी प्रिंट निदान 24 तास उघडी वाळवावी लागते. लगेच बंद केली तर काचेच्या आतून धुरकट थर धरतो.