कस्टम्सचा फॉर्म? तो आपण भरायचा नाही

"परदेशी निघण्याच्या २४ तास आधी कस्टम्सला माहिती भरून द्या, नाहीतर विमानात बसू देणार नाहीत." हा मेसेज काल मावशीने तिसऱ्यांदा पाठवला. असं काही नाही. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार नाव, प्रवासाचा मार्ग, पैसे कसे भरले, सामान किती ही बुकिंगमधली माहिती विमान कंपनीनेच पाठवायची असते. २४ तासांची मुदतही तिलाच. माहिती ५ वर्षांपर्यंत ठेवतात, हे मात्र खरं.

व्हिसाचा याच्याशी संबंध नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहलीच्या फार तर ६ महिने आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. मावशी, धावपळ तिथे कर. आणि तिकिटावर नाव पासपोर्टवरचंच, मधे येणाऱ्या काकांच्या नावासकट.