लिनक्सवर गेम उघडत नाही म्हणून ७७७?

‘लिनक्सवर गेम उघडत नसेल तर हे पाच उपाय करा’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. गेम सुडो (रूट म्हणजे प्रशासकाचे पूर्ण अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवा, संपूर्ण होम फोल्डरला ७७७ परवानगी द्या, कॉम्पॅटडेटा (गेम विकणारे व चालवणारे स्टीम हे अ‍ॅप विंडोजच्या गेमसाठी जो फोल्डर बनवते तो) पुसून टाका, डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरासारखा लिनक्सचा प्रकार) बदला, आणि तरीही जमले नाही तर लिनक्सवर गेम चालत नाहीत हे मान्य करा, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. माझ्या भाच्याने त्यातला दुसरा उपाय केला आणि रात्री त्याचा फोन आला, ‘मामा, गेम उघडला नाहीच, आता गिट पुशही होत नाहीये.’ म्हणजे त्याचा कोड सर्व्हरवर जात नव्हता.

७७७ म्हणजे त्या संगणकावरील प्रत्येक युजरला वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची पूर्ण मोकळीक. होम फोल्डरमध्ये फक्त गेम नसतात. एसएसएच, म्हणजे भाच्याचा गिट ज्यावरून सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडला जातो तो प्रोग्रॅम, त्याची खाजगी कीदेखील तिथेच असते, आणि ती इतरांना वाचता येते असे दिसताच एसएसएच ती वापरायला साफ नकार देते. भाच्याच्या टर्मिनलवर तोच इशारा होता. संताप याचा येतो की त्याचा गेम होम फोल्डरमध्ये नव्हताच. तो विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या पार्टिशनवर होता, आणि तिथल्या परवानग्या सहसा ते पार्टिशन लिनक्सला जोडताना (माउंट करताना) ठरतात. स्टीम टर्मिनलमधून सुरू केल्यावर खरे कारण दिसले: प्रोटॉन, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे स्टीममधले साधन, आपल्या प्रिफिक्समध्ये (कॉम्पॅटडेटामधल्या, विंडोजची नक्कल करणाऱ्या फोल्डरमध्ये) ‘सी:’ अशा नावाची लिंक तयार करतो, आणि विंडोजच्या नियमानुसार फाइलच्या नावात विसर्गासारखे ते चिन्ह चालत नाही. कॉम्पॅटडेटा लिनक्सच्या एक्स्ट४ पार्टिशनवर हलवून जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) ठेवताच गेम उघडला.

सुडोबद्दल वाइनच्या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अधिकृत प्रश्नोत्तरांत स्पष्ट बजावले आहे की वाइन रूट म्हणून कधीही चालवू नये, कारण त्यामुळे विंडोजच्या प्रोग्रॅमना, व्हायरसनाही, संपूर्ण संगणक मोकळा होतो. सुडोने तर वाइनच्या फोल्डरच्या परवानग्याही बिघडतात. प्रोटॉन वाइनवरच उभा आहे, आणि स्टीम तर रूट म्हणून सुरूच होत नाही.

कॉम्पॅटडेटा पुसण्यात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. बिघडलेला प्रिफिक्स नव्याने तयार झाला की काही गेम खरोखर सुरू होतात. मात्र अनेक गेमचे सेव्ह त्यातच असतात आणि क्लाउड सेव्ह प्रत्येक गेमला नसतो, म्हणून फोल्डर पुसू नका, फक्त त्याचे नाव बदला. डिस्ट्रो बदलण्याआधी व्हल्कनचे (गेमचे ग्राफिक्स दाखवणाऱ्या यंत्रणेचे) आणि ३२-बिट ग्राफिक्सचे ड्रायव्हर बसवले आहेत का, एवढे तरी पाहा.

लिनक्सवर गेम चालतच नाहीत, हे विधान २०१८ मध्ये प्रोटॉन आल्यानंतर कोणी करू नये. व्हॅलोरंटसारखे गेम त्यांच्या अँटी-चीटमुळे (फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रॅममुळे) चालत नाहीत, हे खरे. पण तिथे वरच्या चारांपैकी एकही उपाय लागू पडत नाही.

ज्यांनी ७७७ आधीच करून टाकले आहे, त्यांनी होम फोल्डर व त्यातील एसएसएच फोल्डर ७०० (फक्त मालकाला पूर्ण परवानगी) आणि खाजगी की ६०० (फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याची परवानगी) करावी.