फक्त क्लिक करायचं

खोक्यावर एक बाई आहे. पांढरा शर्ट, अनवाणी पाय, गुडघे टेकून बसलेली, आणि दोन बोटांनी एक पट्टी दुसरीत सरकवते आहे. चेहऱ्यावर असं हसू, जणू पट्टीनेच काहीतरी विनोद केलाय. गोंद नाही, खिळा नाही, सिमेंट नाही. एका पट्टीच्या कडेला जीभ, शेजारणीच्या कडेला खाच. तिरकी धरा, आत सारा, खाली दाबा. क्लिक. मी ते चित्र पाहिलं आणि आपल्यालाही दोन बोटं आहेत एवढ्या भांडवलावर विनाइल फ्लोअरिंगची आठ खोकी घरी आणली.

त्या बाईच्या घरात कपाट नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आमच्या खोलीत कपाट आहे, पलंग आहे, पुस्तकांची मांडणी आहे, आणि ज्याला नाव नाही पण जे टाकवतही नाही असं बरंच काही आहे. ते सगळं बाहेरच्या खोलीत गेलं. म्हणजे एका खोलीची जमीन करायची म्हणून दोन खोल्या गेल्या. कपाट हलवलं तेव्हा त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची चौपदरी घडी निघाली. पलंगाच्या पायाखाली जुन्या चपलेचा तुकडा. मांडणीखाली कुठल्याशा वहीचं कव्हर. मी ते केरात टाकायला निघालो तर आई म्हणाली, "राहू दे, परत लागतील." तिला बहुधा तेव्हाच सगळं कळलं होतं. घर इतकी वर्षं पायापायाखाली चिठ्ठ्या ठेवून सांगत होतं, मी त्या उघडून वाचल्या नव्हत्या इतकंच.

रात्री खोक्यातलं पत्रक उघडलं. पट्ट्या बसवायच्या कशा, यावर चार चित्रं. बसवण्याआधी काय काय करायचं, यावर उरलेली सगळी पानं, आणि तीही बारीक टायपात. त्यातली मुख्य अट अशी की जमिनीत दोन मीटरला ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखलपणा चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा स्पिरिट लेव्हल, म्हणजे नळीतल्या बुडबुड्यावरून उतार दाखवणारं हत्यार, घेऊन आला. माझ्या मेव्हण्याकडे हत्यारं आहेत, त्यामुळे मतंही आहेत. त्याचा अर्धा दिवस बुडबुड्याशी भांडण्यात गेला. शेवटी उठून म्हणाला, "दाजी, तुमची खोली गॅलरीकडे उतरते."

"पेन्सिल तिकडेच जाते की," आई आतून म्हणाली.

पत्रक पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की उताराशी या पट्ट्यांचं काही भांडण नाही. खोली अख्खीच्या अख्खी एका अंगाला उतरली तरी त्यांना चालतं. चालत नाही तो मधला खड्डा, आणि मधला उंचवटा. ही जमीन खाली चिकटवलेली नसते, नुसती टेकलेली असते. पट्टीची जाडी पाच मिलिमीटर, जीभ त्याहून नाजूक. खाली पोकळी असली की पाऊल पडताच पट्टी दबते, उचललं की वर येते, आणि असं दिवसभर होत राहिलं की कधीतरी जीभ तुटते नि सांधा उघडतो. थोडक्यात, लेव्हल नको, सपाट हवं. मेव्हण्याने बुडबुडा पिशवीत ठेवला आणि हे मला आधीपासून माहीत होतं असा चेहरा केला.

सपाटी तपासायची रीत मात्र मला मनापासून आवडली. दोन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी जमिनीवर कडेवर उभी धरायची, मागून टॉर्च लावायचा आणि पुढून पोटावर पडून बघायचं. उजेड दिसला तिथे खड्डा. आम्ही टॉर्च लावला आणि पट्टीखाली पहाट झाली.

खड्डा किती खोल, हे मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. बायकोने पर्समधून बँकेचं कार्ड काढलं. कार्डाची जाडी जगभर ठरलेली असते, ०.७६ मिलिमीटर. म्हणजे एकावर एक चार कार्डं आत गेली तर साधारण ३ मिलिमीटर, इथपर्यंत पास. दाराजवळ दोनच गेली, आम्ही खूश. खिडकीजवळ चार गेली. पाचवं गेलं. माझी संपली, तिची संपली, मेव्हण्याने पाकीट रिकामं केलं. नऊ कार्डं पट्टीखाली अशी सरकली, जणू तो खड्डा त्यांच्यासाठीच राखून ठेवलेला होता. मी वाचनालयाचं कार्ड शोधायला उठलो तेव्हा बायको म्हणाली, "अरे, बस कर. नापास ते नापास. किती मार्कांनी, ते कशाला बघायचं?"

मग फरशी ठोकून पाहण्याचा कार्यक्रम. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने एकेक फरशी वाजवायची. टक् आलं तर धट्टीकट्टी, डब् आलं तर पोकळ. अकरा फरशा डब् निघाल्या. त्या उचलल्या, आणि खाली जे काँक्रीट दिसलं त्यावर पत्रकाप्रमाणे ४५ सेंटीमीटरचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप मारून चिकटवला. किमान सोळा तास तो तसाच ठेवायचा. खालून दमट वाफ येत असेल तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. विनाइलला वरून पाणी लागलं तर काही होत नाही, पण खालची ओल त्याच्याखाली कोंडून बसते. ते सोळा तास आमच्या घरात अतिदक्षता विभागासारखे गेले. जो तो जाता-येता वाकून बघत होता. सकाळी आईने विचारलं, "पेशंट कसा आहे?" पेशंट कोरडा होता. उचललेल्या फरशांच्या जागा भरल्या, सांध्यांत मसाला दाबला, तो वाळायला आठवडा गेला. त्या आठवड्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही कपाटाला वळसा घालून जगलो.

उंचवटे घासले त्याबद्दलही फार सांगत नाही. मास्क लावा, दार बंद करा, आणि तरीही धूळ कुठेही सापडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मला ती चष्म्याच्या बंद डबीत सापडली.

मग सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे जमीन सपाट करायला ओतायचं पातळ सिमेंटी मिश्रण. त्याचं नाव ऐकून मला वाटलं होतं की आपण ओतायचं आणि बाजूला व्हायचं. ते स्वतःच सपाट होतं हे खरं आहे. कुठे जाऊन सपाट व्हायचं, हेही ते स्वतःच ठरवतं. आधी प्रायमर, मग पाणी मोजून-मापून, मग ड्रिलला फिरकी लावून घुसळायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओतून पसरवायचं, कारण त्यानंतर ते ऐकत नाही. मी खिडकीजवळच्या नऊ कार्डांच्या खड्ड्यात ते मोठ्या प्रेमाने ओतत असताना ते दाराखालून पॅसेजमध्ये निघून गेलं. दारापाशी आडवी लाकडी पट्टी लावून वाट अडवायची असते, हे पुढच्या पानावर होतं. तो ओघळ मी पटाशीने दोन संध्याकाळ खरवडला. बादलीत थोडं उरलं, त्यात फिरकीही राहिली. दोघं आता एकजीव आहेत. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती बादली फार उपयोगी पडते.

दाराचीही कामं होती. चौकटीच्या आकारात पट्टी कोरून बसवण्यापेक्षा चौकटच खालून कापायची आणि पट्टी तिच्याखाली सारायची, ही युक्ती झकास आहे. पट्टीचा एक तुकडा चौकटीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, त्यावर करवत आडवी टेकवायची आणि कापायचं. उंची आपोआप बरोबर येते. दारही खालून कापावं लागणार होतं. आम्ही ते बिजागरीतून काढून आडवं टाकलं. आम्ही हात लावण्याआधी बायकोने खडूने एका टोकाला मोठ्या अक्षरांत "पाय" आणि दुसऱ्या टोकाला "डोकं" असं लिहून ठेवलं. मेव्हण्याला ते लागलं. मला नाही, कारण मी करवत डोक्याकडे घेऊन उभा होतो.

मग निघालं की खोली गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजलं, तर कर्ण बरोबर ५ मीटर यायला हवा. आमचा ५ मीटर ४ सेंटीमीटर आला. रुंदी ३.२७ मीटर, पट्टी १८ सेंटीमीटरची, दोन्ही भिंतींशी ८-८ मिलिमीटरची फट, कारण उन्हाने विनाइल फुगतं आणि त्याला हातपाय पसरायला जागा लागते. हिशेब केला तर अठरा ओळींनंतर शेवटची ओळ दीड सेंटीमीटरचीही भरेना. तेवढी चिंधी ना धड कापता येते, ना धड अडकते. म्हणून पहिलीच ओळ कापून साधारण पावणेदहा सेंटीमीटरची करायची, म्हणजे शेवटचीही तेवढीच येते. शाळेत गणित कशाला शिकवतात, हे मला त्या दिवशी जमिनीवर बसून कळलं.

आता सुरुवात करणार, तोच बायकोने पत्रकातली आणखी एक ओळ वाचून दाखवली. पट्ट्या जिथे घालायच्या त्याच खोलीत ४८ तास, आडव्या, १८ ते २९ अंशांत ठेवायच्या. पहिल्या दिवशी मी खोकी त्याच खोलीत ठेवली होती. मग काम करायचं म्हणून पॅसेजमध्ये नेली, भिंतीला उभी टेकवून. आता सतरा-सतरा किलोची आठ खोकी परत आत आणून झोपवली. दोन रात्री आम्ही तिघं बाहेर कपाट आणि पलंगाच्या फटीत, आणि ती आत ऐसपैस. रात्री बायकोने विचारलं, "पंखा त्यांना लावून आलास?" मी लावून आलो होतो.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी गुडघे टेकले. पहिली ओळ मांडून झाली होती. दुसऱ्या ओळीची पट्टी तिरकी धरली, जीभ खाचेत घातली, दोन बोटांनी दाबली.

क्लिक.

बाहेरून आईचा आवाज आला, "काय मोडलं रे?"