‘पाच नियम पाळा, रेसमध्ये ३८ टक्के कमवा’: हा मेसेज पुढे ढकलायच्या आधी थोडा हिशोब

गेले काही दिवस एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा की मुंबईतल्या महालक्ष्मीच्या घोड्यांच्या रेससाठी पाच नियमांची सिस्टिम आहे. फक्त फेव्हरिट घोडा घ्यायचा, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलाय आणि म्हणून भाव (जिंकल्यावर मिळणाऱ्या पैशांचा दर) सगळ्यात कमी आहे तो, तो मागच्या रेसमध्ये पहिल्या तिनात आलेला हवा, अंतर १००० ते १४०० मीटर, पळणारे घोडे जास्तीत जास्त आठ, आणि वर जॉकी सीझनच्या टॉप तीनमधला. गेल्या मुंबई सीझनवर म्हणे कॉम्प्युटरने टेस्ट केली, बुकींच्या भावाने ४० बेट, त्यातल्या १९ लागल्या, नफा ३८ टक्के. हरलात तर पुढची बेट डबल. खाली सुप्रीम कोर्टाचा दाखला, हाँगकाँगच्या अब्जाधीशाची गोष्ट, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण पीडीएफची किंमत ९९९ रुपये.

मला रेसचं वावडं नाही. पण यातला जवळपास प्रत्येक मुद्दा गंडलेला आहे, आणि नुसतं ‘फसवणूक आहे’ म्हणून सोडून दिलं तर कोणी ऐकत नाही, म्हणून एकेक घेतो.

सुरुवात ‘टेस्ट केली आहे’ पासूनच करू, कारण खरी गोम तिथेच आहे. टेस्ट म्हणजे काय, तर नियम आधी लिहायचा आणि मग जे निकाल तुम्ही पाहिलेलेच नाहीत त्यांच्यावर तो लावून बघायचा. इथे उलटं झालंय, गेल्या सीझनचे निकाल समोर ठेवले, अंतर बदलून बघितलं, घोड्यांची संख्या बदलून बघितली, जॉकीची अट घालून-काढून बघितली, आणि जो आकडा सगळ्यात गोंडस दिसला तो ‘सिस्टिम’ म्हणून बाहेर काढला. म्हणजे पेपर फुटल्यावर अभ्यास करून पहिला नंबर काढणं.

यात किती भेसळ होऊ शकते ते आकड्यात बघा. समजा तुमच्या हातात आठ गोष्टी आहेत: अंतर, फील्ड किती मोठं (म्हणजे किती घोडे पळतायत), मागचा निकाल, जॉकी, ड्रॉ (सुरुवातीला घोड्याला मिळालेली जागा), घोड्याचं वय, वजन, क्लास (घोड्याची श्रेणी). प्रत्येकात फक्त तीन पर्याय धरा, त्यात ‘काहीही चालेल’ हाही एक. तीनाचा आठवा घात ६५६१. म्हणजे एकाच सीझनच्या निकालांतून ६५६१ सिस्टिम बनतात, आणि मेसेजमध्ये फेव्हरिटशिवाय चारच नियम दिसतात याचा अर्थ बाकीच्या चार ठिकाणी ‘काहीही चालेल’ बरं दिसलं, इतकाच. आता असं धरा की यातली एकही सिस्टिम खरी नाही, लांब पल्ल्यात प्रत्येक जण शंभराला वीस हरतो. प्रत्येकीच्या वाट्याला ४० बेट आल्या आणि भाव मेसेजच्या आकड्यांवरून निघतो तोच धरला, म्हणजे लागलेल्या बेटवर १० रुपयांना सरासरी २९ परत, तर नुसत्या नशिबावर १९ किंवा जास्त बेट लागायची शक्यता साधारण हजारात पाच. हजारात पाच ऐकायला फार कमी वाटतं, पण ६५६१ वेळा प्रयत्न केला की तीसेक सिस्टिम अशा निघणारच ज्या कागदावर ३८ टक्के किंवा त्याहून जास्त नफा दाखवतील आणि आतून पूर्ण पोकळ असतील. मेसेजवाल्याला त्यातली एकच शोधायची होती. बाकीच्या हजारो ज्या बुडाल्या त्यांचा मेसेज कोणी पाठवत नाही.

याच ४० बेटांचं आणखी एक. १९ गुणिले २९ म्हणजे ५५१, लावले ४००, म्हणून ३८ टक्के, इथपर्यंत गणित बरोबर. आता यातले तीन घोडे थोडक्यात हरले असते तर? ४६४, नफा १६ टक्क्यांवर. पाच हरले असते तर ४०६, म्हणजे दीड टक्का, चहाचे पैसे. आणि ४० बेटांत तीन इकडे तीन तिकडे हे नेहमीचंच आहे, स्टार्ट चुकला, रस्ता मिळाला नाही, नाकभर फरकाने गेला. एवढ्याशा नमुन्यावर कोणी ‘सिद्ध झालं’ म्हणत असेल तर त्याला सिद्ध या शब्दाची फारशी किंमत नाही.

पुढे जॉकीचा नियम, हा मला सगळ्यात मजेशीर वाटला. ‘सीझनच्या टॉप तीन जॉकींपैकी’. अहो, पण सीझनचे टॉप तीन कोण हे सीझन संपल्यावर कळतं ना? मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. डिसेंबरच्या रेसला बेट लावताना तुम्हाला एप्रिलची यादी कुठून मिळणार? आणि टॉप तीनमध्ये ते आले कशामुळे, तर जिंकलेल्या घोड्यांमुळे, म्हणजे ज्या रेस तुम्ही मोजताय त्यातलेच विजय त्या यादीत आधीच शिरलेले आहेत. भविष्य वापरून भूतकाळात जिंकणं कोणालाही जमतं. प्रामाणिकपणे करायचं तर त्या दिवसापर्यंतची यादी घ्यायची, किंवा मागच्या सीझनची. तसं करून बघा, १९ चा आकडा किती उरतो ते.

फेव्हरिटचंही तसंच. फेव्हरिट कोण हे बुकींच्या रिंगमध्ये शेवटच्या मिनिटापर्यंत बदलत असतं, एखादा घोडा स्क्रॅच होतो म्हणजे रेसमधून काढला जातो, शेवटी मोठा पैसा येतो, भाव पडतो. माझी शंका अशी की इथे फेव्हरिट ठरवताना सुटायच्या वेळचा भाव घेतलाय आणि पैसे मोजताना सुरुवातीचा. कारण आठ घोड्यांच्या आतलं फील्ड, मागच्या वेळी पहिल्या तिनात आलेला घोडा, वर नावाजलेला जॉकी, अशा फेव्हरिटला सरासरी जवळपास दोनास एक भाव, म्हणजे शंभराला दोनशेच्या आसपास नफा? असे घोडे बरेचदा ईव्हनच्या खाली, म्हणजे शंभराला शंभरापेक्षा कमी नफ्याच्या भावाने सुटतात. ज्याच्यावर पैसा येऊन तो फेव्हरिट झाला त्याचाच पैसा यायच्या आधीचा भाव तुम्हाला मिळाला असं धरलं तर जगातली कुठलीही सिस्टिम फायद्यात दिसेल. मुद्दाम केलं असेल असं म्हणत नाही, पण टेस्ट करताना ही चूक इतकी सहज होते की ‘भाव नक्की कधीचा’ हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

‘फेव्हरिटवर लावणं फायद्याचं हे सायन्सने सिद्ध आहे’, असंही त्यात म्हटलंय. यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. १९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या रेसचे आकडे तपासून दाखवलं की लोक लांब भावाच्या, म्हणजे जिंकायची आशा कमी असलेल्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. नंतर बऱ्याच देशांत बऱ्याच लोकांनी हे तपासलं आणि बहुतेक ठिकाणी तसंच निघालं. पण याचा अर्थ काय? अर्थ इतकाच की डोळे झाकून अशा आउटसायडरवर लावणारा जास्त हरतो आणि डोळे झाकून फेव्हरिटवर लावणारा कमी हरतो. मधला कट, म्हणजे बेटमधून मध्येच कापला जाणारा हिस्सा गेल्यावर हा फरक सहसा नफ्यापर्यंत पोचत नाही. कमी हरणं आणि जिंकणं यात ९९९ रुपयांहून बरंच जास्त अंतर आहे.

आणि कट म्हटलं की टॅक्स, ज्याचा त्या मेसेजमध्ये अवाक्षराने उल्लेख नाही. रेसच्या बेटवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, तोही बेटच्या पूर्ण रकमेवर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. आता त्यांचेच आकडे घ्या, १००ची एक बेट, टॅक्स वरून भरला असं धरा, म्हणजे १०० लावायला खिशातून १४० गेले. ४० बेटांचे ५६००. परत आले १९ गुणिले २९०, म्हणजे ५५१०. नव्वद रुपये तोटा! ३८ टक्क्यांची अख्खी सिस्टिम, तिचा प्रत्येक शब्द खरा मानला, एकही घोडा कमी लागला नाही, तरीसुद्धा वजा. जुन्या २८ टक्क्यांनी केलं तर ५१२० जाऊन ३९० रुपये उरतात, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. टॅक्स वरून घेतला काय नि आतून कापला काय, जातो तो पंटरच्याच, म्हणजे बेट लावणाऱ्याच्याच खिशातून.

हे झालं बेट लावताना. जिंकलेली रक्कम दहा हजारांच्या वर असली की त्यावर ३० टक्के टीडीएस कापतात, आणि लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे हरलेल्या बेटांचा तोटा जिंकलेल्या रकमेतून वजा करता येत नाही. म्हणजे वर्षभरात जितके जिंकले तितकेच हरले तरी टॅक्स जिंकलेल्यावर आहेच. सिस्टिम टेस्ट करणाऱ्याने हा आकडा गाळला तर त्याने रेस टेस्ट केली नाही, स्वप्न टेस्ट केलं.

‘हरलात तर डबल करा, कधी ना कधी लागतोच’. हा मुद्दा माझ्या मते मेसेजमधला सगळ्यात धोकादायक, कारण बाकीच्या गोष्टींनी हळूहळू पैसे जातात, याने एका दुपारी जातात. ५०० पासून सुरू करा. सलग आठ हरलात की गेले १,२७,५०० आणि नववी बेट १,२८,००० ची. आठ सलग हरणं दुर्मिळ वाटतं ना? मेसेजचाच ४० पैकी १९ चा दर खरा मानला तरी २०० बेटांत एकदा तरी सलग आठ हरायची शक्यता चाळीस टक्के आहे. आणि फेव्हरिट जगभर साधारण तीनातली एकच रेस जिंकतात, त्या दराने काढलं तर ही शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. त्यातून नववी लागली असं धरा, पण भाव शंभराला साठ. मिळाले ७६,८००, आधीचा तोटा १,२७,५००, अजून पन्नास हजार खड्ड्यातच. डबल करून तोटा भरून निघतो हे फक्त ईव्हन किंवा वरच्या भावाला खरं आहे, आणि सिस्टिम मात्र फेव्हरिटची! हे दोन नियम एकाच मेसेजमध्ये लिहिताना कोणाला काहीच कसं खटकलं नाही देव जाणे.

सुप्रीम कोर्टाचं पटकन संपवतो. १९९६ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात कोर्टाने घोड्यांची रेस ही कौशल्याची गोष्ट आहे, निव्वळ नशिबाची नाही, असं म्हटलं हे खरं. पण तो प्रश्न कायद्याचा होता, जुगार कशाला म्हणायचं याचा. कौशल्य आहे म्हणजे तुमच्याकडे आहे असं नव्हे, समोर रिंगमध्ये भाव लावणाऱ्यांकडेही ते आहे आणि त्यांचं पोट त्यावर चालतं.

राहिली हाँगकाँगची गोष्ट. बिल बेंटर, अमेरिकन माणूस, १९८४ मध्ये ॲलन वूड्सबरोबर हाँगकाँगला गेला आणि पुढे कॉम्प्युटर मॉडेलच्या जोरावर खरोखर प्रचंड पैसा कमावला. पण त्याने काय केलं ते वाचा तरी. त्याच्याकडे पाच नियम नव्हते, प्रत्येक घोड्याची जिंकायची शक्यता काढणारं बऱ्याच घटकांचं मॉडेल होतं, जे उभं करायला वर्षं गेली, आणि सुरुवातीला पैसेही गेले. १९९४ मध्ये त्याने स्वतःच त्यावर लेख लिहिला. त्यातली मुख्य गोष्ट अशी की नुसत्या मॉडेलवर विसंबलं तर ते स्वतःबद्दल फाजील आत्मविश्वास दाखवतं, म्हणून पब्लिकचा भावही मॉडेलमध्येच घालावा लागला. म्हणजे जगातल्या सगळ्यात यशस्वी पंटरने आधी हे मान्य केलं की लोकांच्या भावात आपल्याला न दिसणारी माहिती असते. मॉडेल बनवायला काही रेस वापरल्या आणि तपासायला वेगळ्या, हेही त्यात आहेच. शिवाय तिथे तेच तेच घोडे हॅपी व्हॅली आणि शा टिन या दोनच ट्रॅकवर पळतात आणि पूल, म्हणजे सगळ्यांच्या बेटचा एकत्र जमा पैसा, अवाढव्य. आपल्याकडे घोडा मुंबईहून पुण्याला, तिथून बेंगळुरू-हैदराबादला, परत मुंबईला, आणि पुण्याचा सीझन तर ऐन पावसाळ्यात सुरू होतो, ट्रॅक वेगळा, पाय वेगळे पडतात. मुंबईच्या हिवाळ्यात सापडलेला नियम पुण्याच्या जुलैत टिकतो का, एवढं जरी मेसेजवाल्याने बघितलं असतं तरी मी त्याला मानलं असतं.

आणि हो, टोटवर, म्हणजे असा एकत्र पूल जिंकणाऱ्यांत वाटला जातो तिथे, एकाच घोड्यावर सगळे धावले की डिव्हिडंड (वाट्याला येणारी रक्कम) पडतो, बुकीकडे भाव पडतो. खरंच काम करणारा नियम हजार लोकांना ९९९ला विकला तर पहिल्याच आठवड्यात मरेल. तेव्हा विकणाऱ्याची कमाई कशातून होतेय हे वेगळं सांगायला नको.

तरी कोणाला वाटतच असेल की यात दम आहे, तर सोपं आहे. नियम आज लिहा, एक अक्षर नंतर बदलायचं नाही, तारखेसकट चार लोकांना पाठवून ठेवा. पूर्ण सीझन कागदावर खेळा, एक रुपया न लावता. प्रत्येक रेसच्या आधी घोडा आणि त्या क्षणी खरंच मिळत असलेला भाव लिहायचा, निकालानंतर नाही. स्क्रॅच झालेला, हुकलेला, ‘आज मूड नव्हता म्हणून सोडला’ तोही मोजायचा. टॅक्स धरायचा. आणि शेजारी दुसरा रकाना ठेवा, त्यात कुठलाही नियम न लावता प्रत्येक रेसचा फेव्हरिट. तुमचे पाच नियम त्या बिनडोक रकान्यापेक्षा तरी बरे निघतात का ते आधी बघा, आणि तसं निघालंच तर पुढचा पुण्याचा सीझनही त्याच नियमांनी काढा. दोन्ही वह्या घेऊन आलात तर मी एकेक ओळ वाचून बघेन. स्क्रीनशॉट चालणार नाहीत.