बापाला ऑटोमॅटिक गाडी देताय ना, मग एक दिवस थांबून शिकवून पण जा

दिवाळी झाली की आमच्या लातुरात एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्या मागं राहतात. पोरगं पुण्याला परत जातं आणि आपली आधीची ऑटोमॅटिक अंगणात बापासाठी ठेवून जातं. "अण्णा, काही अवघड नाही बघा. डी टाकायचं, रेस द्यायची, ब्रेक मारायचा. क्लचची कटकटच नाही." झाली शिकवणी. ती पण गेटपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. त्यामुळं ह्या पोस्टमागं धंद्याचा स्वार्थ आहे असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणा. पण माझं मत असं आहे की आयुष्यभर मॅन्युअल चालवलेल्या माणसाला ऑटोमॅटिक नव्यानं शिकावी लागते, आणि अगदी नवख्यापेक्षा त्याला जास्त शिकावी लागते. नवख्याला फक्त शिकायचं असतं, ह्याला आधी विसरायचं असतं. आमच्याकडं पहिल्यांदाच स्टेअरिंग धरणाऱ्या ताई-वहिनी ऑटोमॅटिकवर पटकन तयार होतात आणि "मी पंचवीस वर्षं जीप चालवलीय" म्हणणारे बापू घाम काढतात. "ऑटोमॅटिक म्हंजी बायकांची गाडी" असं पारावर बसून म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

सरकारदरबारी पण हा फरक कुणी विचारत नाही. दुचाकीच्या लायसन्सला गिअरवाली आणि बिनगिअरची असे दोन प्रकार आहेत. कारला नुसतं एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन. मॅन्युअलवर टेस्ट दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ऑटोमॅटिक घेऊन हायवेला लागला तरी कायद्यानं सगळं बरोबर. २०१४ ला मारुतीच्या सेलेरिओत एएमटी (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण क्लच-गिअरचं काम मशीन करतं) आली आणि ऑटोमॅटिक आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. त्याला दहा वर्षं होऊन गेली, पण आपल्या भागातल्या बहुतेक स्कूलच्या गाड्या अजून मॅन्युअलच आहेत.

सगळ्यात मोठा धोका पायांचा आहे. मॅन्युअलमध्ये माणूस दचकला की दोन्ही पाय दाबतो. उजवा चुकून रेसवर पडला तरी डाव्यानं क्लच दाबलेला असतो, त्यामुळं इंजिन नुसतं बोंबलतं, चाकांना जोर मिळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ही आपोआपची सोय नाही. चुकून रेस दाबली की गाडी उसळते. उसळली म्हणून माणूस तोच पाय आणखी जोरात दाबतो, कारण त्याच्या हिशेबानं तो ब्रेकच दाबतोय. कंपाउंडच्या भिंती, दुकानांची शटरं, अंगणातल्या तुळशी अशाच पडतात. भिंत परत बांधता येते. अंगणात खेळणारं लेकरू असलं तर काय, ते मी लिहीत नाही.

दुसरी चूक डाव्या पायाची. तो बिचारा रिकामा बसतो आणि जुन्या सवयीनं क्लच शोधायला जातो. तिथं त्याला ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल सापडतं. क्लच जसा तळापर्यंत दाबायचा असतो तसाच तो ब्रेक दाबतो. बाभळगाव रोडला मोकळ्या जागेत एका निवृत्त गुरुजींना शिकवत होतो. वेग जेमतेम वीसचा. समोर एक कुत्रं आडवं आलं, गुरुजींचा डावा पाय गेला आणि मागच्या सीटवरची पाण्याची बाटली माझ्या कानाजवळून डॅशबोर्डवर आदळली. गुरुजी माझ्याकडंच बघून म्हणाले, "सर, ब्रेक तुम्ही मारलाव का?" मागं ऊस भरलेला ट्रक असता तर हा विनोद राहिला नसता.

म्हणून पहिला तासभर मी गाडी हलवतच नाही. डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर टेकवायचा, नाहीच ऐकला तर गुडघ्यात दुमडून सीटकडं ओढून घ्यायचा. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीला लावायची आणि रेससाठी फक्त चवडा उजवीकडं वळवायचा. अख्खा पाय उचलून इकडून तिकडं टाकायचा नाही. टाच जागेवर राहिली तर चवड्याला ब्रेक कुठाय ते न बघता कळतं. मग इंजिन बंद ठेवून मी नुसतं "रेस", "ब्रेक", "रेस", "ब्रेक" ओरडतो. लोकांना लाज वाटते, पण मी करून घेतोच. आणि पायात सुटी स्लीपर चालणार नाही. मागं पट्टा असलेली सँडल, नाहीतर बूट.

रिव्हर्स घेताना तर विशेष जपा. मागं बघायला कंबरेतून वळलं की उजवा पाय नकळत रेसच्या बाजूला सरकतो. घरात, पार्किंगमध्ये, गंजगोलाईच्या गर्दीत रेसला पाय लावायचं कामच नाही. डी (पुढं) किंवा आर (मागं) टाकून ब्रेक हलका सोडला की सपाट जागेवर गाडी आपोआप रांगते. तिला रांगू द्या आणि पाय ब्रेकवरच ठेवा. डी मधून आर मध्ये जाताना गाडी पूर्ण थांबलेली पाहिजे. रांगत्या गाडीत खटकन बदललं की त्याचा मार गिअरबॉक्स खातो.

गाडी लावतानाचा क्रम पण कुणी सांगत नाही. पी (पार्क) मध्ये टाकल्यावर गिअरबॉक्सच्या आत एक लहानसा दात एका दातेरी चक्राच्या खाचेत अडकतो, बाकी काही नाही. उतारावर नुसतं पी टाकून ब्रेक सोडला तर अख्ख्या गाडीचं वजन त्या दातावर येतं. म्हणून ब्रेक दाबलेला ठेवून एन (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग ब्रेक जरा सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्यायचं, आणि शेवटी ब्रेक दाबून पी. आपल्याकडच्या बहुतेक एएमटी गाड्यांना पी नसतोच. त्या हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवूनच बंद करायच्या. चाकाखाली दगड लावायची आपली जुनी सवय पण वाईट नाही, निघताना तेवढा काढा म्हणजे झालं.

आता घाट. मांजरसुंब्याचा असो, तुळजापूरचा असो की कन्नडहून चाळीसगावकडं उतरणारा औट्रम घाट असो, उताराला एन करून गाडी सोडणारे "तेल वाचवायलोय" म्हणतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर पडलेला असताना उताराला पाय रेसवरून काढला की इंजिनला जाणारं इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. उलट एन केलं की इंजिनाला जिवंत राहायला स्वतःचं इंधन प्यावं लागतं. म्हणजे वाचवायला गेले आणि जास्त घालवून आले. त्यात इंजिनचा अडवणारा जोर गेल्यामुळं सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम ऑटोमॅटिकलाही तसाच लागू आहे: ज्या गिअरवर घाट चढाल त्याच गिअरवर उतरा. एम (हातानं गिअर बदलायची सोय) मध्ये घेऊन दुसरा-तिसरा टाका, किंवा एल (लो, म्हणजे खालचा गिअर) असेल तर एल. इंजिनचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, वेळप्रसंगी ब्रेक आहेच.

चढावर थांबलात तर गाडी रेसवर तोलून धरू नका. मॅन्युअलमधल्या हाफ क्लचच्या सवयीचंच हे भावंड. एएमटीत आत क्लच आहेच, फक्त तो मशीन दाबतं. त्याला तुम्ही घासत ठेवलं की तो जळणारच. थांबायचंय तर ब्रेक नाहीतर हँडब्रेक.

ओव्हरटेकबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या रस्त्यांवर माणसं इथंच जातात. कारखाने सुरू झाले की दिवाळीपासून पार मार्चपर्यंत लातूर, धाराशिव, बीड, परभणी कुठंही जा, पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, टेललाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाड्याखाली झाकलेला. ट्रॅक्टरवाल्यानं टेप एवढा मोठा लावलेला की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. मॅन्युअलवाला अशा वेळी सवयीनं गिअर खाली घेतो आणि निघतो. ऑटोमॅटिकवाला चौथ्या-पाचव्या गिअरवर तसाच बाहेर येतो, रेस दाबतो आणि वाट बघतो. एएमटीत त्या वेळी मशीन क्लच दाबतं, गिअर खाली टाकतं, क्लच पुन्हा सोडतं. तेवढा वेळ गाडीला जोरच नसतो. क्षणभराचीच गोष्ट, पण तो क्षण तुम्ही समोरच्या ट्रकच्या लेनमध्ये काढत असता. सीव्हीटीत (हिच्यात ठरावीक गिअर नसतात, पट्ट्यावर चालते) इंजिनचा आवाज आधी चढतो, वेग मागून येतो. डीसीटी (दोन क्लचवाली) चपळ, पण अचानक बेत बदलला तर तीही घुटमळते.

उपाय साधा आहे. खेटून राहू नका, दोन-तीन गाड्यांचं अंतर ठेवा. आपल्याच लेनमध्ये असताना एम मध्ये घेऊन एक गिअर खाली टाका, किंवा रेस जोरात दाबून गिअर पडू द्या. गाडीनं जोर धरला, समोर रस्ता अजून मोकळा दिसतोय, मग बाहेर पडा. बाहेर पडून जोर मागायचा नाही. आणि रात्री दोन ट्रॉल्यांची लांबी कधीच नीट कळत नाही, तेव्हा शंका आली की मागंच राहा. ऊस कारखान्यालाच चाललाय, फाट्याला वळेलच.

समृद्धीबद्दल थोडंच. जालन्याहून वर चढलं की सरळसोट काँक्रीट, कारला १२० ची मर्यादा, आणि हातापायाला काहीच काम नाही. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग गाडी स्वतःच धरते) लावला की उजवा पाय पण रिकामा. झोप अशीच येते. दुपारी जेवून समृद्धीवर चढू नका, आणि पावसात क्रूझ लावू नका.

आता आपल्या लोकांचा आवडता प्रश्न, "लिटरला किती देती?" गाडीपेक्षा पाय जास्त देतो किंवा खातो. ८० चा वेग १२० वर नेला की वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोनपट. सिग्नल लाल दिसतोय तरी शेवटपर्यंत रेस देऊन मग ब्रेक दाबणाऱ्याला कोणतीच गाडी मायलेज देणार नाही. लांबूनच पाय काढा, गिअरमध्येच येऊ द्या. हलक्या पायानं वेग घेतला की मशीन वरचे गिअर लवकर टाकतं. सिग्नलला थोडा वेळ थांबायचं तर डी मध्येच ब्रेक दाबून थांबा, सारखं एन-डी, एन-डी करू नका. परळी-परभणी लाईनवर फाटक पडलंय आणि गाडी यायला वेळ आहे, मग सरळ इंजिन बंद. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना. पंक्चरवाला "चाळीस मारतो" म्हणाला तर मारू देऊ नका.

बापाकडं ठेवलेली गाडी बऱ्याचदा उभीच असते, कव्हर घालून. मग एक दिवस बॅटरी उतरते. गल्लीतली पोरं जमतात, "धक्का मारू की ओ काका." टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या जोरावर ताकद पोचवणारी जुनी ऑटोमॅटिक पद्धत) आणि सीव्हीटी धक्क्यानं चालू होत नाही. त्यांच्यात तेलाचा दाब इंजिन फिरलं तरच तयार होतो, आणि दाब नाही तर चाकांचा जोर इंजिनपर्यंत पोचतच नाही. एएमटीत गिअर टाकायलाच करंट लागतो, तिलाही धक्का मारू नका. जंपर केबल घेऊन ठेवा आणि बापाला आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढायला लावा.

पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली तर डी-आर, डी-आर करत चाकं गरगरा फिरवू नका. जळका वास आला की थांबाच. ट्रॅक्टरनं चिखलातून चार हात ओढून बाहेर काढली, हरकत नाही. पण बंद पडलेली ऑटोमॅटिक तशीच दोर बांधून औशापर्यंत ओढत न्यायची नाही. इंजिन बंद म्हणजे आत तेल फिरत नाही, आणि चाकं मात्र गिअरबॉक्स फिरवत राहतात. ओढणावळीचे पैसे वाचले आणि गिअरबॉक्सचं बिल आलं, असं व्हायला नको. चारी चाकं वर घेणारी गाडीच बोलवा. गिअरबॉक्सचं तेल पण कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच आणि तेव्हाच. मेस्त्री "सगळं सारखंच असतंय" म्हणाला तरी सीव्हीटीत दुसरं तेल पडू देऊ नका.

इनबॉक्समध्ये "सर कोणती घ्यावी" हे येणारच, म्हणून आत्ताच सांगतो, माझं मत म्हणून. बजेट कमी आणि मायलेज पाहिजे तर एएमटी, पण ओव्हरटेकचं वर लिहिलेलं पाठ करून. गावाकडचे रस्ते, घाट आणि वयस्क माणूस असं गणित असेल तर थोडे जास्त पैसे घालून टॉर्क कन्व्हर्टर. डीसीटी चालवायला मजेशीर, पण मे महिन्यात गंजगोलाईच्या गर्दीत इंच-इंच सरकायला तिचे क्लच तापतात, त्यामुळं रोज बाजारात जाणाऱ्या अण्णांसाठी मी ती घेणार नाही. सीव्हीटी शहरातल्या शहरात गुळगुळीत. रंग कोणता घ्यायचा ते आईला विचारा, तसाही शेवटी तोच येणार आहे.